नवकारशी ते चौविहार : शहापूर-मुरबाडमधील चैत्राचा एक दिवस

व्यापारी कुटुंबाच्या वर्षात मार्च महिना हा सवडीचा महिना कधीच नसतो. येणे-देणे मिटवायचे, मालाची मोजदाद करायची, खाती जुळवायची आणि बँकेची कामे ३१ तारखेच्या आत उरकायची, या धावपळीत दुकानातील माणसांना वेळेवर जेवणाचीही शुद्ध नसते. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशोबासाठी ग्राहकांकरिता बंद राहतात, तेव्हा कुठे पेढीवर थोडी सामसूम होते. त्याच सुमारास मुलांच्या परीक्षा संपत येतात आणि घरात प्रश्न निघतो : एका दिवसात कुठे जाऊन येता येईल? दूरच्या यात्रेला सवड नसते, थंड हवेच्या ठिकाणी खोल्या मिळत नाहीत आणि वडीलधाऱ्यांना लांबचा प्रवास सोसत नाही. मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडी येथील कुटुंबांसाठी या प्रश्नाचे उत्तर अगदी जवळ आहे : ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके.

पावसाळ्यात या भागाकडे शहरातील माणसांची रीघ लागते. धबधबे, हिरवे डोंगर, धुक्यात बुडालेला माळशेज घाट हे सर्वांच्या परिचयाचे आहे. उन्हाळ्याच्या प्रारंभी मात्र इकडे फारसे कोणी फिरकत नाही. वास्तविक चैत्रातील हे रान पाहण्यासारखे असते. पळसाचा बहर ओसरत असतो, कोशिंबाला तांबडी पालवी फुटलेली असते, मोहाची फुले पहाटे झाडाखाली टपटपत असतात आणि तांबट पक्ष्याचा एकसुरी ठोका दुपारपर्यंत ऐकू येतो. पुढे एप्रिलअखेर बहावा पिवळाधमक होतो आणि करवंदे पिकू लागतात.

परंतु हा ऋतू पाहुण्याची परीक्षाही घेतो. समुद्राचा वारा येथवर पोहोचेपर्यंत त्याचा गारवा उरत नाही आणि पारा अनेकदा चाळीस अंशांपर्यंत जातो. ओढे आटलेले असतात, विहिरी तळाला गेलेल्या असतात. म्हणून या दिवसांतील सहलीचे नियोजन दोन गोष्टींवर अवलंबून असते : घड्याळ आणि पाणी. या दोन्ही बाबतींत आपल्या घरांतील जुने नियम आजही किती उपयोगी पडतात, हे आखणी करू लागले की आपोआप ध्यानात येते.

दिवसाच्या दोन सीमा

उन्हाळी सहली बिघडतात त्या बहुधा उशिरा निघाल्यामुळे. आठला निघू म्हणणारे कुटुंब नऊला निघते, रस्त्यात न्याहारीला थांबते आणि ऐन अकराच्या उन्हात ठिकाणी पोहोचते. मग मुले कंटाळतात, वडीलधारे गाडीतच बसून राहतात आणि सगळा दिवस सावली शोधण्यात जातो.

नवकारशीचे पच्चक्खाण पाळणाऱ्या घराला ही अडचण येण्याचे कारण नाही. मार्चअखेर मुंबई परिसरात सूर्योदय साधारण साडेसहाच्या सुमारास होतो. त्यानंतर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे धरली, तर नवकारशीची वेळ सव्वासातच्या पुढे येते. तोपर्यंत घरी थांबून करायचे काय? पहाटे साडेपाचला गाडी निघाली, तर तो सगळा वेळ प्रवासात जातो, रस्ता मोकळा मिळतो आणि नवकारशी थेट शहापूरला करता येते. एप्रिलच्या शेवटी सूर्योदय सहाच्या थोडा पुढे सरकतो, त्यामुळे निघण्याची वेळ आणखी पंधरा-वीस मिनिटे अलीकडे घ्यावी.

दिवसाची दुसरी सीमा चौविहाराची. अशन, पान, खादिम, स्वादिम या चारही आहारांचा सूर्यास्तानंतर त्याग करायचा, तर संध्याकाळचे जेवण पावणेसातच्या आत व्हायला हवे. येथे अनेकांची चूक होते. जेवण घरी जाऊनच करू, असे ठरवून कुटुंब पाचला निघते आणि रविवारी संध्याकाळी भिवंडी बायपासवरील कोंडीत अडकते. समोर सूर्य मावळत असतो, डबे मागच्या डिकीत असतात, आणि मुले भुकेलेली असतात. यावर एकच खात्रीचा उपाय आहे. साडेपाचच्या सुमारास सहलीच्या ठिकाणीच जेवून, पाणी पिऊन, चौविहाराचे पच्चक्खाण घेऊनच गाडीत बसावे. नंतर घरी पोहोचायला आठ वाजोत की नऊ, मनाला घोर राहत नाही.

या दोन सीमांच्या मध्ये आणखी एक रेघ ओढून घ्यावी. सकाळी अकरा ते दुपारी चार हा काळ उघड्यावर घालवू नये. म्हणजे फिरण्यासाठी सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचा दीड तास हातात राहतो. एका दिवसात चार ठिकाणे पाहण्याचा हव्यास सोडून एकच तालुका निवडावा, हे उत्तम.

पहिला पर्याय : शहापूर

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूरचे स्थानक. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. सकाळी कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना शहराकडे येणाऱ्या गाड्यांइतकी गर्दी नसते, त्यामुळे चार-पाच जणांच्या कुटुंबाला लोकल सोयीची पडते. स्थानकाबाहेर रिक्षा मिळतात. मोठे कुटुंब असेल, तर मुंबई-नाशिक महामार्गाने पडघा, वासिंदवरून गाडीने जावे.

शहापूरजवळचे मानस मंदिर हे आपल्या समाजातील अनेकांना परिचित असलेले तीर्थ. दिवसाची सुरुवात येथे दर्शनाने करावी. स्नान घरूनच करून निघावे. कारण पुढे पाण्याच्या प्रकरणात स्पष्ट होईल. मंडळी जास्त असतील किंवा कोणाचे आयंबिल असेल, तर तीर्थाच्या पेढीशी आधी बोलून ठेवणे हे शिष्टाचाराचे आणि सोयीचेही. आयत्या वेळी पंचवीस माणसे दारात उभी राहिली, तर सेवा करणाऱ्यांची तारांबळ उडते.

दर्शन आणि नवकारशी आटोपली की माहुली गावाकडे जावे. आसनगावच्या वायव्येस उभा असलेला माहुली किल्ला हा ठाणे जिल्ह्यातील एक उंच किल्ला. त्याचे सुळके महामार्गावरूनही दिसतात. १६३६ मध्ये निजामशाही वाचवण्याच्या अखेरच्या प्रयत्नात शहाजीराजांनी याच गडाचा आश्रय घेतला होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत माहुलीही होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. गड चढायला अडीच-तीन तास लागतात आणि चढ उभा आहे. उन्हाळ्यात कुटुंबकबिल्यासह तो चढण्याचा विचार करू नये. पायथ्याच्या रानातून तासभर सावकाश चालणे, सुळके न्याहाळणे आणि मुलांना ही हकिकत सांगणे एवढे पुरेसे आहे.

हा सारा परिसर तानसा अभयारण्याच्या शेजारचा. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड शतकाहून अधिक काळ नामशेष झाले, असे समजले जात होते. १९९७ मध्ये ते नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा आढळले आणि २०१४ मध्ये तानसाच्या जंगलातही त्याची नोंद झाली. शहरातून दोन तासांवर असे रान शिल्लक आहे, ही गोष्ट मुलांना नवलाची वाटेल. पक्षी दिसेलच असे नाही. पण गोंगाट न करता दहा मिनिटे एका झाडाखाली बसण्याची सवय लागली, तरी पुष्कळ झाले.

दुसरा पर्याय : मुरबाड

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटीने किंवा स्वतःच्या वाहनाने सुमारे तीस किलोमीटरचे अंतर कापून जावे लागते. मुरबाड, सरळगाव, टोकावडे असे करत हा रस्ता माळशेज घाटाकडे जातो. टोकावड्याच्या पुढे वैशाखरे गाव लागते आणि उजवीकडे सह्याद्रीच्या धारेवर अंगठ्यासारखा वर आलेला एक सुळका दिसतो. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. त्याच्या बगलेतील खिंड म्हणजे नाणेघाट.

व्यापारी कुटुंबातील मुलांना दाखवण्याजोगे याहून चांगले स्थळ या टापूत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात पैठण आणि जुन्नरकडील माल या घाटाने कोकणात उतरत असे आणि कल्याण, सोपारा या बंदरांतून समुद्रापार जात असे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक भला मोठा रांजण आहे. परंपरेने तो जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. तेथील लेण्यात राणी नागणिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे : इतक्या गायी, इतके घोडे, इतके कार्षापण. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते आणि एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकडेमोडीवर ज्यांचे घर चालते, त्यांच्यासाठी ही एक प्रकारे दगडावरची खतावणीच आहे.

वैशाखऱ्याहून वर चढायला दोन-अडीच तास लागतात. तरुण मंडळींनी अंधारात निघून, सकाळी नऊच्या आत माथा गाठून, ऊन तापण्यापूर्वी खाली यायची तयारी ठेवली आणि वाट माहीत असलेला गावातील माणूस बरोबर घेतला, तरच हा विचार करावा. त्यांनाही पाण्याची सूट नसावी, म्हणजे त्या दिवशी नवकारशीपुढचे कोणतेही पच्चक्खाण घेऊ नये. वडीलधारे आणि लहान मुले असलेल्या कुटुंबाने पायथ्याच्या रानवाटेवर अर्धा तास चालून, वरची खिंड पाहून परतावे.

मात्र नाणेघाटाची एक गोष्ट खालूनही सांगण्यासारखी आहे. त्या लेण्याच्या आसपास कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. तांड्यातील माणसांना आणि बैलांना माथ्यावर पाणी मिळाले नसते, तर हा मार्ग चाललाच नसता. घाटापलीकडे जुन्नर परिसरातील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. व्यापाऱ्यांनी वाटसरूंसाठी पाण्याची सोय करावी, ही रीत इतकी जुनी आहे. पुढच्या काळातील पाणपोया आणि गुरांसाठी बांधलेले हौद हे याच रीतीचे वारस.

पाण्याचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. मुंबई महानगरपालिकेला पाणी पुरवणारे सात जलाशय आहेत. विहार आणि तुळशी हे मुंबईतच आहेत. उरलेल्यांपैकी तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि भातसा हे शहापूर तालुका आणि त्याच्या सीमेवरचे. तानसा धरण १८९२ मधले, मोडकसागर १९५७ मधला, मध्य वैतरणा २०१४ मधला. सातही जलाशयांच्या एकूण उपयुक्त साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा असतो. काळबादेवीच्या किंवा घाटकोपरच्या घरात सकाळी नळ सोडला की जे पाणी येते, त्यातील मोठा भाग या तालुक्यातून आलेला असतो.

आणि त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना मार्चपासूनच टँकरची वाट पाहावी लागते. कसारा-खर्डीच्या पट्ट्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या स्त्रिया दरवर्षी दिसतात. धरण खोऱ्यात आहे, पाडा टेकडीवर आहे आणि कातळाच्या जमिनीत पावसाचे पाणी मुरून राहत नाही. मुरबाड तालुक्यातील बारवी धरणाचे पाणीही मुख्यतः शहरांकडे आणि उद्योगांकडे जाते.

सहलीला गेलेल्या कुटुंबाला हा प्रश्न सोडवता येणार नाही. पण तो वाढवायचा की नाही, हे मात्र त्याच्या हातात आहे. महामार्गालगत तरणतलाव आणि कृत्रिम पावसात नाचण्याची सोय असलेली अनेक ठिकाणे आता झाली आहेत. चैत्र-वैशाखात, शेजारच्या पाड्यावर टँकर येत असताना, तेथे दिवस घालवायचा का, याचा विचार प्रत्येक घराने करावा. अपरिग्रहाचे व्रत वस्तूंइतकेच पाण्यालाही लागू पडते.

सोपी पद्धत अशी : आपले पाणी आपण न्यावे. अठरा माणसांचा गट धरला, तर पिण्यासाठी माणशी तीन लिटर आणि हात-तोंड व भांड्यांसाठी एक लिटर, म्हणजे एकूण ७२ लिटर पाणी लागेल. वीस लिटरचे चार जार गाडीत सहज मावतात आणि आठ लिटर शिलकीला उरते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते, तर ग्रामीण जल जीवन मिशनमध्ये ते ५५ लिटर आहे. सहलीच्या दिवशी चार लिटरमध्ये भागते, हा अनुभव मुलांना एकदा मिळाला, तर घरचा नळ वाहता सोडताना त्यांचा हात थोडा थबकेल. स्नान घरी करून निघायचे ते याचसाठी.

उकळलेले पाणी पिणाऱ्यांनाही ही व्यवस्था सोयीची आहे. उकळलेल्या पाण्याची कालमर्यादा पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर मानली जाते. पहाटे उकळून गाळून, थंड करून स्टीलच्या पिंपात भरलेले पाणी त्यामुळे संध्याकाळच्या चौविहारापर्यंत खुशाल चालते. वाटेत प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेण्याची गरज पडत नाही.

काही पथ्ये

महापालिकेच्या जलाशयांवर परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही. ज्या नद्या आणि बंधाऱ्यांवर कोणी अडवत नाही, तेथेही पाण्यात उतरू नये. वरून शांत दिसणाऱ्या डोहाचा तळ कळत नाही आणि दरवर्षी शहरातील मुले अशा ठिकाणी जीव गमावतात.

रानात चूल पेटवू नये. या दिवसांत गवत वाळून कोळ झालेले असते. एका ठिणगीने वणवा लागतो आणि त्यात पक्ष्यांची घरटी, सरडे, कीटक असे असंख्य जीव होरपळतात. स्वयंपाक घरून करून न्यावा. ठेपले, खाखरे, दशम्या, मुगाची डाळ, दही वगळून केलेल्या कोरड्या भाज्या उन्हात टिकतात. मोहाच्या झाडाखाली फुले पडलेली असतील, तर त्यांवरून चालू नये. ती वेचणे हा तेथील आदिवासी कुटुंबांचा हंगामी आधार आहे.

रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसलेल्या ठाकर किंवा कातकरी बायका भेटतात. शेतकऱ्यांकडे भेंडी, काकडी, कलिंगड मिळते. ज्याला जे कल्पते ते घ्यावे, पण घासाघीस करू नये. आपल्या दुकानात 'एकच भाव' अशी पाटी लावणाऱ्याने उन्हात बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालावी, हे शोभत नाही.

निघण्यापूर्वी दोन दिवस हवामान खात्याचा अंदाज पाहावा. उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल, तर बेत खुशाल पुढे ढकलावा. ज्यांची चैत्री ओळी किंवा वर्षीतप चालू आहे, त्यांना या उन्हात नेऊ नये. अक्षय्य तृतीयेच्या पारण्यानंतर विचार करावा. कोणाला चक्कर आली, उलटी झाली, अंग तापून घाम थांबला किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर ताबडतोब सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग पुसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. गाडीत ओआरएसची पाकिटे ठेवावीत. एक पाकीट एक लिटर पाण्यात मिसळायचे असते, हे घरातील मोठ्या मुलांनाही सांगून ठेवावे.

खर्चाचा विचार केला, तर वाहन आणि इंधन यांपलीकडे या सहलीत फारसे काही लागत नाही. जे पैसे वाचतील, त्यांतून एक काम करता येईल. ज्या गावात थांबलो, तेथील शाळेत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करून पिण्याच्या पाण्याची टाकी, गुरांसाठी हौद किंवा विहिरीचा गाळ काढणे, यांपैकी नेमकी कशाची गरज आहे ते विचारावे. काय हवे, हे गावाने सांगावे, आपण ठरवू नये. चार-पाच कुटुंबांनी मिळून वर्षाला एक काम उचलले, तरी ते पेलण्यासारखे असते.

संध्याकाळी परत फिरताना उरलेल्या जारमधील पाणी रस्त्यावर ओतून देऊ नये. शिलकीचे ते आठ लिटर एखाद्या पाड्यावरच्या घरी विचारून द्यावे, किंवा झाडाखाली पक्ष्यांसाठी मातीचे कुंडे ठेवून त्यात भरावे. मग जार रिकामे, डबे रिकामे, चौविहार झालेला, आणि गाडी शहराच्या दिशेने निघालेली. कुटुंबाला रात्री झोप चांगली लागते आणि सोमवारी सकाळी दुकान वेळेवर उघडते.